पेठेतल्या वाड्यात ‘नवं’ घर भाड्यानं घेताय? या चुका टाळा

सदाशिव, नारायण, शनिवार, कसबा. पुण्याच्या या पेठांत वाड्यातल्या दोन खोल्यांना फॉल्स सीलिंग, टाइल्स आणि मॉड्युलर किचन बसवून ‘फुल्ली रिनोव्हेटेड’ म्हणून द्यायचं पेव फुटलंय. बघायला आलेली मुलं किचन बघतात, फोटो काढतात आणि जिन्यातच टोकन पाठवतात. छताकडे कुणी मान वर करून बघत नाही, ही पहिली चूक.

वाडा म्हणजे सागवानी खांब, तुळया, पातळ विटा, मातीची जुडाई आणि वरून चुन्याचा गिलावा. चुना भिंतीतली ओल बाहेर सोडतो. त्यावर सिमेंटचं प्लास्टर आणि प्लास्टिक पेंट चढवला की ओल आतच कोंडते. मग जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत पोपडे धरतात, आणि नेमकं तिथेच कपाट किंवा वॉलपेपर लावलेला असतो.

माझ्या मावसबहिणीच्या मुलीनं नारायण पेठेत असंच घर घेतलं, तेही भर उन्हाळ्यात. पहिल्या मोठ्या पावसात हॉलच्या छतावर तपकिरी डाग उमटला. मालक म्हणाले, “वाळलं की रंगाचा हात मारून देतो.” मी ओळखीच्या सुताराला घेऊन गेले. त्यानं एलईडी दिवा काढून त्या भोकातून टॉर्च मारला, मग पीओपीचा एक तुकडा कापला. तुळईच्या भिंतीत बसलेल्या टोकाला पेचकस टेकवला, तर तो सरळ आत गेला. वरची कौलं गळत होती, पाणी बरोब्बर त्या टोकावर मुरत होतं आणि वाळवीनं आतून भुसा केला होता. त्याखालीच पोरीचा पलंग होता. घर त्याच आठवड्यात सोडलं, डिपॉझिटसाठी मात्र दिवाळीपर्यंत खेटे घालावे लागले.

तेव्हापासून मी कुणाबरोबरही घर बघायला गेले की आधी एक दिवा उतरवायला लावते. मालकानं नाही म्हटलं तर माझ्या दृष्टीनं ते घर संपलं. भिंतीवर बोटांनी ठोकून बघा, बद्द आवाज आला तर गिलावा सुटलेला आहे. वरच्या मजल्यावर जाऊन या. आणि खालच्या दुकानदाराला विचारा, महापालिकेची नोटीस लागली होती का? धोकादायक वाड्यांना दर पावसाळ्याआधी नोटिसा निघतात. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, लगेच रिकामं करायचं. मालक हे आपणहून सांगत नाही, शेजारी सांगतात.

दुसरी चूक: घर देणारा मालक आहे असं धरून चालणं. कित्येक वाड्यांत जुने भाडेकरू नाममात्र भाड्यावर आहेत. ते आपल्याच खोल्या नटवून पुढे देतात. भाडे नियंत्रण कायदा 1999 नुसार करारात तशी मुभा नसेल तर असं पोटभाड्यानं देता येत नाही. मूळ मालक कोर्टात गेला तर तुम्ही कुठेच उभे राहू शकत नाही. वीजबिल पुढे करून भागवतात, त्यावर जाऊ नका. मिळकत पत्रिका, म्हणजे जागा कुणाच्या नावावर आहे ते दाखवणारं प्रॉपर्टी कार्ड मागा, त्यावरचं नाव आणि समोरच्याचं आधार जुळवा. आजोबांचं नाव असेल तर बाकीच्या वारसांची लेखी संमती हवी.

तिसरी चूक, आणि ही नुसती आळसापोटी होते: नोटरीवर भागवणं. त्याच कायद्याच्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदवलेलाच लागतो, आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे. आता नोंदणीसाठी एजंट घरी येऊन अंगठ्याचा ठसा घेऊन जातो, तरी “नोटरी उद्याच होते” म्हणून लोक घाई करतात. उद्याच राहायला जायचंय तर घर आज का शोधताय? कागद बघितल्याशिवाय टोकनही देऊ नका.

बाकी थोडक्यात. सकाळी पाणी येतं त्या वेळी जाऊन नळ स्वतः सोडून बघा. मीटर स्वतंत्र आहे का आणि बिलावरचा मंजूर भार एसी-गीझरला पुरेल का, तेही बघा. नदीकाठच्या बाजूला असाल तर खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर गल्लीत काय होतं, ते जुन्या रहिवाशांना विचारा. चारचाकीचा विचार सोडा. आणि लक्ष्मी रस्त्याजवळ राहणार असाल तर अनंत चतुर्दशीच्या आदल्या रात्रीच दुचाकी मिरवणुकीच्या मार्गाबाहेर नेऊन लावा.