कामावर अपघात झाला? दाव्याचं वाटोळं करणाऱ्या या चुका टाळा

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीत, प्रेस शॉपमध्ये (पत्रा दाबून कापायच्या मशिनींच्या विभागात) बोटं गेलेली पोरं कागद घेऊन येतात, तेव्हा मी पहिल्यांदा केसपेपर मागतो. बहुतेक दावे तिथंच अडकलेले असतात.

2021 ची गोष्ट. पैठण तालुक्यातला 30 वर्षांचा गडी, पगार 12,000. पॉवर प्रेसमध्ये उजव्या हाताची दोन बोटं गेली. सुपरवायझरनं खासगी दवाखान्यात नेलं आणि डॉक्टरांना सांगितलं, “घरी कडबाकुट्टीत हात गेला.” गड्यानं मान डोलावली. खर्च शेठ करतोय, कशाला वाकडं बोलायचं, हा विचार. सहा महिन्यांनी काम सुटलं, दावा लावला, तर मालकानं तोच केसपेपर पुढे केला. हजेरीपत्रक आणि दोन साथीदारांच्या साक्षीवर आम्ही अपघात सिद्ध केला, पण तीन वर्षं गेली. म्हणून दवाखान्यात शिरताना सोबतच्या माणसानं मोठ्यानं सांगावं: कामावर, अमुक मशिनीवर, इतक्या वाजता. एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची वैद्यकीय नोंद, करायला लावावी. लिहिलेलं वाचून घ्यावं, वाचता येत नसेल तर वाचवून घ्यावं. मी तर प्रत्येक कागदाचा फोटो काढून लगेच भावाच्या आणि बायकोच्या फोनवर पाठवायला लावतो.

दुसरी चूक म्हणजे सहीची घाई. याच गड्याला ठेकेदार पोळ्याच्या तोंडावर 40,000 रुपये आणि स्टॅम्पपेपर घेऊन भेटला होता. नवे लोक इथंच घसरतात, कारण हातातली रोकड दिसते आणि हिशेब कुणी मांडून दाखवत नाही. तेव्हा लागू असलेल्या 1923 च्या कर्मचारी भरपाई कायद्याच्या परिशिष्टात एका हाताची दोन बोटं म्हणजे कमाईच्या ताकदीचं 20 टक्के नुकसान. 12,000 चे 60 टक्के 7,200, गुणिले 30 व्या वर्षासाठी कायद्यात दिलेला गुणक 207.98, त्याचे 20 टक्के: 2,99,491 रुपये. महिन्याभरात दिले नाहीत तर वर 12 टक्के व्याज. हक्क सोडल्याचं लिहून घेतलं तरी कायद्यात ते रद्दबातल आहे. तडजोड करायचीच तर ती भरपाईचे दावे बघणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे (जुन्या कायद्यात आयुक्त) नोंदवून घ्या.

ठेकेदार पळाला म्हणून हातपाय गाळू नका, मूळ मालकावरही जबाबदारी येते. पगारातून ईएसआयची (सरकारी कामगार विमा योजनेची) कपात होत असेल तर भरपाई तिथूनच मागायची. नोकरीचा पहिला दिवस असला तरी चालतं. दाव्याची मुदत दोन वर्षं. 21 नोव्हेंबर 2025 पासून हे सगळं सामाजिक सुरक्षा संहितेत आलंय. तिच्यात कामावर येता-जातानाचा अपघातही धरतात, फक्त कामाशी संबंध दाखवावा लागतो.

मनाच्या दुखण्याकडे तर कुणी बघतच नाही. “पोरानं हाय खाल्ली,” म्हणतात आणि अंगारा लावतात. परिशिष्टात मानसिक इजेची टक्केवारी नाही, त्यामुळे सगळी भिस्त डॉक्टरांच्या मूल्यमापनावर असते. झोप उडाली, मशिनीजवळ गेलं की घाम फुटतो, असं असेल तर पहिल्याच महिन्यात मानसोपचार विभागात जा. संभाजीनगरच्या घाटी या सरकारी दवाखान्यात तो विभाग आहे. अपघाताची तारीख सांगून त्रास कधी सुरू झाला ते लिहून घ्या. रात्रीबेरात्री बोलायला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर आहे, पण दाव्याला दवाखान्याची चिठ्ठीच लागते. पैठणचा तो गडी अजूनही पत्र्याचा आवाज झाला की दचकून उठतो. पहिल्या वर्षभरात त्यानं एकदाही हे डॉक्टरांना दाखवलं नव्हतं, त्यामुळे दाव्यात आम्हाला ते मांडताच आलं नाही.