डब्यातला पास्ता गोळा होऊ नये म्हणून

लेकीच्या डब्यातला पास्ता मधल्या सुट्टीपर्यंत घट्ट गोळा व्हायचा. शिजल्यावरही तो रस्सा पीत राहतो ना! आता पाकीट उलटून बघते: ड्युरम गव्हाचा रवा हवा, मैद्याचा पास्ता चटकन लगदा होतो. 100 ग्रॅमला लिटरभर उकळतं पाणी, दोन छोटे चमचे मीठ, आणि पाकिटावरच्या वेळेच्या 2 मिनिटं आधीच निथळायचा. गार पाण्याने धुवायचा मात्र नाही. वरचा स्टार्च गेला की मसाला धरत नाही. ठाण्याच्या जांभळी नाका बाजारातले लालबुंद टोमॅटो, भरपूर लसूण, काश्मिरी तिखट, ओरेगॅनो नसेल तर चिमूटभर ओवा. पास्ता उकळलेलं पाणी वाटीभर राखून रस्सा मुद्दाम पातळ ठेवते. सासूबाई वरून कोथिंबीर घालतात, इटलीवाले काय म्हणतील ते म्हणोत.