समेटाची बैठक बसवताना या चुका टाळा

गोव्यात भाटकार, म्हणजे जमीनमालक, आणि मुंडकार, म्हणजे त्याच्या जमिनीवर घर करून राहणारा, यांचे वाद अजून मिटलेले नाहीत. १९७५ च्या कायद्याने मुंडकाराला मनाला येईल तसं घरातून हाकलता येत नाही, शिवाय पंचायत क्षेत्रात घरासह ३०० चौरस मीटरपर्यंत जागा विकत घेण्याचा हक्क त्याला आहे. तरी मामलेदाराकडे तारखांवर तारखा पडतात आणि गावातली जाणती माणसं म्हणतात, "कचेऱ्या कशाला, बसून बोला." बसून बोलणं मलाही हवंच आहे. पण एकाकडे जमीन, कागद आणि वकील, दुसऱ्याकडे नुसती पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट, अशा वेळी गोड बोलणं बळकटाच्याच पथ्यावर पडतं. मध्यस्थ हे विसरला की बैठक फसलीच म्हणून समजा.

भाटकाराच्या ओसरीवर बसणं

सगळ्यात जास्त नुकसान याच चुकीने होतं. फोंडा तालुक्यातल्या एका बैठकीत भाटकार आरामखुर्चीत, मध्यस्थ बाकावर आणि मुंडकार खांबाला टेकून उभा होता. "बस रे" म्हटल्यावर तो पायरीवर टेकला. पावसाआधी घराचे कुजलेले वासे बदलायचे होते, तेवढाच प्रश्न. भाटकार म्हणाले, "माझी हरकत कुठे आहे? पण आधी मला विचारायचं." मुंडकार म्हणाला, "तुम्ही म्हणाल तसं, बाब." मध्यस्थाने तो होकार धरला, चहा आला, वाद मिटला असं जाहीर झालं. कधी दुरुस्ती करायची, काय बदलायचं, हे कोणी विचारलंच नाही. जूनमध्ये त्या घरावर ताडपत्री होती.

"तुम्ही म्हणाल तसं" हे त्या अंगणात लहानपणापासून अंगवळणी पडलेलं उत्तर असतं. त्यात माणसाचं मत नसतं. म्हणून बैठकीआधी मुंडकाराला त्याच्या घरी जाऊन भेटा, घरातल्या बाईलाही विचारा. गळक्या छपराखाली सैंपाक तीच करते. बैठक पंचायतीच्या किंवा शाळेच्या खोलीत घ्या, खुर्च्या सगळ्यांना सारख्या. देवळाचा मंडप सोयीचा वाटतो, पण देवळाचा कारभार पाहणारे महाजन बहुतेकदा भाटकाराच्याच घरचे किंवा नात्यातले असतात. मुंडकाराला आपलं माणूस सोबत आणू द्या.

दुबळ्यालाच नरमाई शिकवणं

मार्शल रोझेनबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने अहिंसक संवादाच्या चार पायऱ्या मांडल्या: जे घडलं ते सांगणं, त्याने काय वाटलं ते सांगणं, त्यामागची गरज ओळखणं आणि मग विनंती करणं. पद्धत उपयोगाची आहे, मी ती मनापासून मानतो. मात्र आपल्याकडे मध्यस्थ ती मुंडकारावरच चालवतात: "रागाने बोलू नकोस, नीट सांग." ज्याला वर्षानुवर्षं बोलूच दिलं नाही, त्याचा आवाज चढणारच. आधी ऐकून घेण्याचं काम भाटकाराचं. "तू उर्मट झालास" म्हणण्यापेक्षा "एप्रिलमध्ये मला न सांगता दोन वासे बदललेस" असं त्यांनी सांगावं. घडलेल्या गोष्टीला उत्तर देता येतं.

"चवथीला तुमच्या घरी नारळ पाठवतो, आम्ही कधी परकं मानलं का?" हे भाटकार खऱ्या मायेने म्हणतात. ती माया खोटी नाही. पण झालेला त्रास कबूल होण्याआधी ती पुढे आली, तर समोरच्याला उपकाराच्या ओझ्याखाली गप्प बसावं लागतं.

विनंतीची पारख करायला एक प्रश्न मोठ्याने विचारा: "याने नाही म्हटलं तर काय होईल?" विहिरीचं पाणी किंवा वाटेवरचं फाटक बंद होणार असेल, तर तो हुकूम आहे.

बोलणीसाठी हक्क सोडायला लावणं

"आधी मामलेदाराकडचा अर्ज मागे घे, मग बोलू" ही अट मान्य करू नका. अर्ज आणि बोलणी सोबत चालू शकतात. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात समेट फक्त तक्रारदार बाईने मागितला तरच करता येतो, आणि पैसे देऊन मिटवणं हा त्याचा आधार होऊ शकत नाही. गावातही हीच शिस्त हवी: समेट हवा की नको, हे ज्याने सोसलं त्याने ठरवावं. धमकी, मारहाण किंवा जातीवरून शिवीगाळ झाली असेल तर बैठक बसवूच नका, पोलिसांत जायला मदत करा.

सही घेण्याआधी मजकूर मराठीत किंवा कोंकणीत वाचून दाखवा आणि एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे गोव्यातल्या जमिनीच्या हक्कनोंदीवर, घराची नोंद आहे का तेही बघा.

गाडी अडली तर

मुंडकार गप्पच राहिला तर आग्रह करू नका, बैठक थांबवून त्याच्याशी एकट्याने बोला. भाटकार दुखावून उठले तर जाऊ द्या. त्यांचंही ऐका, पण वेगळ्या दिवशी, मुंडकाराला समोर बसवून नव्हे. आणि भाटकार मुंबईत, बोलायला फक्त मुखत्यार, असं असेल तर त्याला काय मान्य करण्याचा अधिकार आहे ते मुखत्यारपत्रात आधी वाचा. अधिकार नसेल तर फोनवर भाटकारांनाच बोलवा, आणि तेही जमत नसेल तर त्या दिवशी कशावरही सही घेऊ नका.