दक्षिण टिरोलला निघालात? आधी या चुका टाळा

म्युनिकहून ब्रेनर खिंडीतून बोल्झानोला, म्हणजे उत्तर इटलीतल्या दक्षिण टिरोल प्रांताच्या राजधानीला, रेल्वेने चारेक तासांत जाता येतं. मी म्युनिकला राहते. त्यामुळे दर उन्हाळ्यात नातेवाईक, त्यांचे मित्र, मित्रांचे शेजारी तिथले डोलोमाइट्स डोंगर बघायला निघतात आणि निघायच्या दोन दिवस आधी मला फोन करतात. तोवर बुकिंगही झालेलं असतं आणि चुकाही. दरवर्षी त्याच. म्हणून एकदाचं लिहून काढते आहे.

सगळ्यात महागात पडते ती गावाच्या नावाची चूक. इथे गावाला सहसा दोन नावं असतात, जर्मन आणि इटालियन. लादिन या इथल्या जुन्या डोंगरी भाषेच्या खोऱ्यांत तीन. सांक्ट उलरिश, ओर्तिसेई आणि उर्तिझेई हे एकच गाव. स्टेर्झिंग तेच विपितेनो, ब्रिक्सन तेच ब्रेसानोने. एवढं यादी केली की लक्षात राहतं. खरी फसगत होते ती एकच नाव तीन खोऱ्यांत आल्यावर.

तीन वर्षांपूर्वी माझी मावशी, काका आणि त्यांचे चार स्नेही आले. सान मार्तिनोच्या किल्ल्यातल्या लादिन संग्रहालयाबद्दल मी त्यांना भरभरून सांगितलं होतं. त्यांनी ‘सान मार्तिनो’ शोधलं, स्वस्त खोल्या दिसल्या, पैसे परत न मिळणारं बुकिंग करून टाकलं. पोहोचल्यावर रात्री मावशीचा फोन, “अगं, इथे ते लादिन का काय ते कुणाला विचारलं तरी हात भलतीकडेच दाखवतात!” माझ्या पोटात गोळा आला. संग्रहालय बादिया खोऱ्यातल्या सान मार्तिनोत, आणि ही मंडळी मेरानोच्या वरच्या पासायर खोऱ्यातल्या सान मार्तिनोत. तिसरं सान मार्तिनो आणखी पूर्वेला, ग्सीस खोऱ्यात. नकाशावर अंतर बोटभर दिसतं, पण मध्ये डोंगररांगा आडव्या. बस, मेरानोहून रेल्वे, बोल्झानोला दुसरी, पुढे फ्रान्झेन्सफेस्टेला तिसरी, ब्रुनेकला उतरून पुन्हा बस. काकांच्या गुडघ्यांना हे झेपणारं नव्हतं. शेवटी मी त्यांना शेजारच्या सांक्ट लिओनहार्डला पाठवलं. १८०९मध्ये नेपोलियनच्या आणि बव्हेरियाच्या फौजांविरुद्ध टिरोलचे शेतकरी उठले, त्यांचा पुढारी आंद्रेआस होफर तिथला खाणावळवाला. त्याच्या घरी आता संग्रहालय आहे. त्यांना ते आवडलं, पण मावशीचं लादिन गाव बघायचं राहिलं ते राहिलंच.

तेव्हापासून मी वहीत प्रत्येक मुक्कामापुढे चार गोष्टी लिहिते: जर्मन नाव, इटालियन नाव, खोऱ्याचं नाव आणि पिनकोड. पिनकोड जुळल्याशिवाय पैसे भरत नाही. नाव टाकून पहिल्या पर्यायावर बोट ठेवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. वाचतात पाच मिनिटं, जातो अख्खा दिवस.

ही दोन-दोन नावं कुठून आली हेही माहीत करून घ्या, कारण पुढची चूक तिथूनच सुरू होते. पहिल्या महायुद्धापर्यंत हा मुलूख ऑस्ट्रिया-हंगेरीत होता. १९१९च्या सां-जेर्मां तहाने तो इटलीला गेला. मुसोलिनीच्या राजवटीत १९२३पासून एत्तोरे तोलोमेई या कट्टर इटालियन राष्ट्रवाद्याच्या यादीतली इटालियन नावं गावागावांवर लादली गेली आणि जर्मन शाळा बंद होत गेल्या. मी मूळची निपाणीची. पाटीवर कुठली भाषा आहे, कुठली पुसली आहे, हे माणसाला किती आत लागतं ते मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. म्हणून आपले लोक इथे जेवणाच्या टेबलावर “म्हणजे तुम्ही खरे ऑस्ट्रियनच ना?” असं विचारतात तेव्हा मला बसवत नाही.

एकदा हे माझ्यासमोर झालं. पुस्टर खोऱ्यात एका शेतकरी कुटुंबाकडे आम्ही उतरलो होतो. बरोबरच्या एका गृहस्थांनी घरच्या आजींना हाच प्रश्न टाकला. आजींनी हातातली थाळी खाली ठेवली आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग शांतपणे म्हणाल्या, “मी इथली.” दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना त्या आपणहून बोलल्या. त्यांची आई चोरून भरणाऱ्या वर्गात जर्मन अक्षरं शिकली होती. १९३९मध्ये हिटलर-मुसोलिनी करारानंतर लोकांपुढे दोनच पर्याय ठेवले गेले: जर्मनीत निघून जा, नाहीतर इथे इटालियन होऊन राहा. बहुतेकांनी जाण्याच्या बाजूने कौल दिला, प्रत्यक्षात सुमारे ७५ हजार गेले. आजींचे काका गेले, वडील राहिले. दोघा भावांचं बोलणं पुढे कित्येक वर्षं बंद होतं.

त्यामुळे माझी पद्धत अशी: आपण विचारायचं नाही, समोरचा बोलला तर ऐकायचं. आणि शिरताच कानावर येईल त्या भाषेत नमस्कार करायचा. २०११च्या जनगणनेत प्रांतात सुमारे ६९ टक्के जर्मन, २६ टक्के इटालियन आणि साडेचार टक्के लादिन भाषक होते, पण बोल्झानो शहरात इटालियनच जास्त. बादिया खोऱ्यात निरोप घेताना ‘जूलान’ म्हणजे ‘धन्यवाद’ म्हणून बघा, दुकानदाराचा चेहरा खुलतो. फोनमधल्या भाषांतरावर विसंबून राहणाऱ्यांना हे तीन-चार शब्दही जड वाटतात, याचं मला वाईट वाटतं.

इतिहास बघायचा असेल तर बोल्झानोत मुसोलिनीच्या राजवटीने १९२८मध्ये उभारलेल्या विजयस्मारकाखालचं प्रदर्शन आधी बघा आणि मग त्याच शहरात ठेवलेल्या ओत्झीकडे जा. हा सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा, बर्फात गोठून राहिलेला माणूस १९९१मध्ये सापडला तेव्हा आधी ऑस्ट्रियाचा मानला गेला. मोजणीत तो इटलीच्या हद्दीत साडेब्याण्णव मीटर आत निघाला.

व्हिसा कुठल्या देशाचा? ज्या देशात जास्त रात्री, त्याचा. विमान म्युनिकला उतरतं म्हणून जर्मनीचा अर्ज करू नका.

पासपोर्ट मोठ्या बॅगेच्या तळाशी नको. ब्रेनरमार्गे येणाऱ्या गाड्यांत तपासणी होते.

ब्राइएस तळ्यावर भर उन्हाळ्यात दिवसा गाडी नेण्यासाठी आधी नोंदणी लागते. बसने जायचं तरी आधी चौकशी करा.

व्हेनिसहून एका दिवसात ‘डोलोमाइट्स करून येऊ’ म्हणणाऱ्यांना मी सरळ नको म्हणून सांगते.

जुलै-ऑगस्टमध्ये दुपारनंतर विजा कडाडतात. सकाळी सातला चालायला लागा आणि दोनच्या आत खाली या. डोंगरातल्या झोपड्यांत राहणार असाल तर झोपायची पातळ पिशवी आणि रोख पैसे जवळ हवेत.

शाकाहाऱ्यांसाठी शेवटचं. जवाचं सूप दिसायला साधं, पण त्यात बहुधा श्पेक म्हणजे धुरावलेलं डुकराचं मांस असतं. क्न्योडल नावाच्या पावाच्या गोळ्यांतही असू शकतं. पालक-रिकोटा भरलेले श्लुट्सक्राप्फन मागवा आणि तरीही प्रत्येक वेळी विचारा: जर्मनमध्ये ‘ओने श्पेक?’, इटालियनमध्ये ‘सेन्झा स्पेक?’