नेपाळच्या शाळेत स्वयंसेवक म्हणून शिकवताय? निरोपाची तयारी अशी करा

परदेशातल्या शाळेत काही महिने शिकवायला जाणारी माणसं जाण्याची तयारी मनापासून करतात. औषधं, गरम कपडे, गोष्टींची पुस्तकं, खेळ, सगळं आठवणीनं बॅगेत भरतात. परतण्याची तयारी मात्र शेवटच्या आठवड्यावर ढकलली जाते. मग धडा अर्धा राहतो, वह्या तपासायच्या राहतात आणि सर किंवा मिस अचानक कुठे गेले हे लहान वर्गातल्या मुलांना कळतच नाही. माझं ठाम मत आहे की निरोपाची आखणी जायच्या आधीच व्हायला हवी.

इथे मी नेपाळचं उदाहरण घेते, कारण आपल्याला तो देश सर्वांत सोपा. भारतीयांना व्हिसा लागत नाही. लिपीही देवनागरी, त्यामुळे हजेरीपटावरची नावं आणि फळ्यावरच्या सूचना पहिल्या दिवसापासून वाचता येतात.

१. परतीची तारीख तिथल्या शाळेच्या वर्षाप्रमाणे ठरवा

नेपाळमध्ये सगळं विक्रम संवतानुसार चालतं आणि महिने सौर असतात. त्यांचा वैशाख एप्रिलच्या मध्याला, संक्रांतीला सुरू होतो, आपल्यासारखा अमावास्येनंतर नाही. शाळेचं नवं वर्षही तेव्हाच सुरू होतं. असोज-कात्तिकात (आश्विन-कार्तिकात) दसैं आणि तिहारच्या, म्हणजे तिथल्या दसरा-दिवाळीच्या मोठ्या सुट्ट्या येतात. चैताच्या (चैत्राच्या) सुमारास एसईई, म्हणजे दहावीची शालान्त परीक्षा असते. म्हणून वैशाख ते दसैं किंवा तिहारनंतर माघापर्यंत, असे टप्पे सोयीचे पडतात. परीक्षेपर्यंत थांबणार नसाल तर दहावीचा वर्ग घेऊ नका. तीन महिन्यांपेक्षा कमी वेळ असेल तर स्वतंत्र वर्ग कोणताच घेऊ नका, तिथल्या शिक्षकांना मदत करा.

२. शाळा निवडा, बालगृह नको

काठमांडू-पोखऱ्यात 'अनाथ मुलांसोबत राहा आणि शिकवा' अशा जाहिराती दिसतात. तिकडे जाऊ नका. नेपाळमधल्या बालगृहांत राहणाऱ्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. शिक्षणाच्या आशेनं त्यांना गावाहून आणलेलं असतं आणि पाहुण्यांच्या पैशामुळे असं आणणं चालू राहतं. त्यात दर काही आठवड्यांनी एक नवं माणूस जीव लावतं आणि निघून जातं. शाळेतलं मूल संध्याकाळी आपल्या घरी जातं, म्हणून तुमचं जाणं त्याला पेलतं. बालगृहातल्या मुलाला तो आधार नसतो.

सामुदायिक, म्हणजे सरकारी शाळेत जा. 2015 च्या राज्यघटनेनंतर शालेय शिक्षण पालिकांच्या अखत्यारीत आलं आहे. त्यामुळे प्रधानाध्यापकांकडून लेखी पत्र घ्या आणि तुमच्या येण्याची कल्पना पालिकेच्या शिक्षण शाखेला आहे ना, ते विचारून घ्या. पत्रात सुरुवातीची आणि शेवटची, दोन्ही तारखा असू द्या.

३. पहिल्या दिवशीच सांगा की मी जाणार आहे

ओळख करून देतानाच 'मी दसैंपर्यंत आहे' असं सांगा. मुलांना तारखेपेक्षा सण पटकन समजतो. वर्गात नेपाळी पात्रो, म्हणजे तिथलं कॅलेंडर लावा आणि शेवटच्या दिवसावर खूण करा.

दुसरी अट हेडसरांकडे आग्रहानं मांडा: वर्गात तिथले एक शिक्षक सोबत हवेत. शिक्षक कमी असतात, त्यामुळे तुम्ही आल्यावर त्यांना दुसऱ्या वर्गावर पाठवण्याचा मोह होतो. निदान आठवड्यातले दोन तास तरी एकत्र मिळवा. यावर माघार घेऊ नका, कारण तुम्ही गेल्यावर वर्ग त्यांनाच चालवायचा आहे.

४. शेवटचा महिना हळूहळू मागे सरकण्यासाठी

सगळ्यात जास्त कष्ट इथे घ्या. चार आठवडे उरले की नवा उपक्रम सुरू करू नका. पहिल्या आठवड्यात तुम्ही शिकवा आणि सोबतचे शिक्षक पाहू देत. दुसऱ्यात अर्धा तास तुमचा, अर्धा त्यांचा. तिसऱ्यात ते शिकवतील, तुम्ही मागच्या बाकावर. चौथ्यात तुम्ही दुसऱ्या वर्गात मदतीला जा, म्हणजे तुम्ही आसपास असतानाच मुलांना तुमच्याशिवायची सवय होईल.

एक वही करा. पाठ्यपुस्तकातला कोणता धडा कुठपर्यंत झाला, कुणाला वजाबाकीत हातचा घेताना अडतं, कोण वाचायला लाजतं पण कानात सांगितलं की बरोबर उत्तर देतं, कुठला खेळ चालला आणि कुठला फसला. ही वही शिक्षकांच्या हातात द्या आणि एका शनिवारी, सुट्टीच्या दिवशी, चहा घेत दोघांनी ती पानोपान वाचून काढा. मुलांच्या घरच्या खासगी गोष्टी तीत लिहू नका, त्या गरज असेल तर तोंडी सांगा.

५. खोटं आश्वासन देऊ नका

'मिस, फेरि कहिले आउनुहुन्छ?', म्हणजे 'परत कधी येणार?', हा प्रश्न येणारच. 'पुढच्या वर्षी नक्की' असं तोंडातून सहज निघतं आणि मूल ते वर्षभर जपून ठेवतं. तिकीट काढलेलं नसेल तर सांगा: 'येईन की नाही ते माहीत नाही, पण तुमची आठवण राहील.' मुलं रडली तर रडू द्या. तुम्हालाही रडू येईल, त्यात गैर काही नाही. फक्त मुलांवर तुमची समजूत घालायची वेळ आणू नका.

६. बिदाइ कार्यक्रम

शाळा तो करतेच. कपाळावर टिका म्हणजे टिळा, सयपत्रीच्या म्हणजे झेंडूच्या माळा, गळ्यात खादा म्हणजे सन्मानाचं उपरणं, मुलांचे नाच आणि बरीच भाषणं. तुम्हालाही बोलावं लागेल. चार वाक्यं नेपाळीत पाठ करा आणि सोबतच्या शिक्षकांचं नाव घेऊन सांगा की वर्ग आता यांचा आहे. ज्या घरी राहिलात तिथल्या आमा, म्हणजे आई, निघताना दही खाऊ घालतील, आपल्याकडे हातावर ठेवतात तसं. गाडीची घाई असली तरी तेवढं थांबा.

भेटवस्तू एकेका मुलाला देऊ नका, बाकीची बघत असतात. द्यायचंच असेल तर काठमांडूतून नेपाळी भाषेतली बालपुस्तकं आणून शाळेच्या वाचनालयाला द्या. मुलांचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय कुठेही टाकू नका.

७. परतल्यावर

मुलांशी एकेकटे संपर्क ठेवू नका. शिक्षकांच्या फोनवरून, सगळ्या वर्गाशी मिळून बोला. पहिल्या महिन्यात सोबतच्या शिक्षकांना फोन करून वहीतलं काय उपयोगी पडलं ते विचारा आणि तुमच्यानंतर कुणी स्वयंसेवक येणार असेल तर त्यालाही ती वही वाचायला द्यायला सांगा. वैशाखात वर्ग बदलेल, तेव्हा मुलांना एक पत्र पाठवा. सोप्या नेपाळीत, मोठ्या अक्षरात, म्हणजे शिक्षकांनी वाचून दाखवण्याऐवजी मुलंच ते आळीपाळीनं वाचतील.