कपाटाची चावी हरवली तर कोणाला बोलवाल?

जळगाव असो की शहादा, गल्लीत आरोळी देत फिरणाऱ्या अनोळखी चावीवाल्याला कपाट दाखवू नका. असे काही जण चावी बनवायच्या बहाण्याने चोरी करतात, आणि या चोरीची रीत ठरलेली असते. चावी घासता घासता तो तेल नाहीतर गरम पाणी मागतो. तुम्ही स्वयंपाकघरात गेलात की लॉकरमधले दागिने काढतो आणि ‘लॉक गरम आहे, तासभर उघडू नका’ असं सांगून पसार होतो. म्हणून घरातलं एक माणूस तिथून हलायलाच नको, आणि कपाट चावीवाल्यासमोरच उघडून बघा.

बाजारात कायमचं दुकान असलेला कारागीरच बरा; जवळच्या हार्डवेअरवाल्याला विचारा. येण्याजाण्यासकट एकूण पैसे फोनवरच ठरवा. दाराच्या साध्या लॅचला आल्या आल्या ड्रिल लावणाऱ्याला थांबवा. संशय आला, तर लगेच ११२ लावा.