सेव्हनला कार्बनची पॅनलं लावायची तर आधी काय जमवाल

इंग्लंडात घरच्या गॅरेजमध्ये लोटस सेव्हन या छोट्या, उघड्या स्पोर्ट्स कारच्या वळणाची किट कार (सुटे भाग आणून स्वतः जोडायची गाडी) जुळवताय, म्हणजे कार्बन फायबरचा मोह कधी ना कधी होणारच. (भारतात ही गाडी रस्त्यावर आणणं कठीण. गाडीच्या मूळ रचनेत बदल करायला बंदी घालणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आडवा येतो. पुण्यातली इंजिनिअरिंगची मुलं कार्बनची कामं करतात, पण स्पर्धेच्या, ट्रॅकपुरत्या गाड्यांवर.)

पहिलं काम कागदावरचं: कुठलं पॅनल कार्बनचं करायचं ते ठरवा. 'सगळीच' हे उत्तर चुकीचं आहे. सेव्हनच्या बाजू आणि बॉनेट बहुधा ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याची असतात, तिथे वजनात फारसं काही हाती लागत नाही. नोजकोन (गाडीचं पुढचं नाक) आणि मडगार्डं फायबरग्लासची असतात, तिथे लागतं. त्यातही पुढची मडगार्डं आधी घ्या. ती चाकाबरोबर वरखाली होतात, म्हणजे त्यांचं वजन स्प्रिंगच्या खालचं, आणि तिथली बचत जास्त कामाची. शिवाय आकार छोटा, त्यामुळे हात बसेपर्यंत नुकसानही छोटं.

विकत घ्यायची असतील तर गाडीचा मेक आणि मॉडेल तपासा. १९७३ मध्ये सेव्हनचे हक्क केटरहॅमकडे गेले, पण त्या वळणाच्या गाड्या अनेकांनी काढल्या आणि एकीचं नाक दुसरीला बसेलच असं नाही. विकणाऱ्याकडे आतल्या बाजूचा फोटो आणि काट्यावरचं वजन मागा. बाहेरून एक थर कार्बन आणि मागे जाडजूड फायबरग्लास, असा माल सर्रास मिळतो. तो शोभेसाठी घेत असाल तर घ्या, फक्त पैसे शोभेचेच द्या. जुन्या पॅनलवर वरून कार्बनचं कापड चिकटवण्याची युक्ती मला तरी पटत नाही. वजन कमी करायला निघालेला माणूस त्यात वजन वाढवून घेतो.

स्वतः करणार असाल तर वेळेचा मोठा वाटा साच्यासाठी राखून ठेवा. मूळ पॅनलवरचा प्रत्येक ओरखडा साच्यात आणि साच्यातून नव्या पॅनलवर उतरतो. म्हणून आधी पुट्टी, मग पॉलिश पेपर १२०० च्या पुढपर्यंत, मग कंपाउंड. त्यावर साचा चिकटू नये म्हणून रिलीज वॅक्सचे अनेक हात, प्रत्येक हातानंतर थांबून. पॅनलच्या कडेभोवती १०–१५ सेंटीमीटरची सपाट पट्टी साच्यातच घ्या. व्हॅक्यूम बॅगची (हवा काढून कापड साच्यावर दाबणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीची) चिकटपट्टी तिथेच बसते आणि ती जागा ठेवली नाही तर पुढचं सगळं अडतं. नोजकोनचं तोंड आत वळतं, त्यामुळे त्याचा साचा दोन-तीन तुकड्यांत, बोल्टने जोडणारा करावा लागतो. नाही तर पॅनल साच्यातून सुटतच नाही.

कार्बनचं कापड चौरस मीटरला २०० ग्रॅमचं, ३के (एका दोऱ्यात तीन हजार तंतू), २×२ ट्विल (तिरक्या विणीचं) घ्या; वळणावर छान बसतं. इथे एक हिशेब आधी करून ठेवा. हाताने केलेलं ३ मिलिमीटरचं फायबरग्लास चौरस मीटरला साधारण साडेचार किलो भरतं. त्याच ट्विलचे चार थर म्हणजे जेमतेम १ मिलिमीटर आणि दीड किलोच्या आसपास. पण ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे हे हलकं पॅनल जुन्यापेक्षा लवचिक निघतं आणि वेगात थरथरतं. उपाय म्हणजे मोठ्या सपाट भागात, थरांच्या मधोमध, दोनेक मिलिमीटरचा कोअर (फोमसारखा हलका गाभा) घालणं. तोही कापडाबरोबरच मागवा. बोल्ट येणार तिथे मात्र कोअर नको, सलग थर हवेत.

इन्फ्युजनसाठी, म्हणजे पिशवीतली हवा ओढून कोरड्या कापडात रेझिन (कापड घट्ट धरणारा, नंतर कडक होणारा द्रव) भरण्यासाठी, व्हॅक्यूम पंप, रेझिन अडवणारं भांडं, पील प्लाय (नंतर सोलून काढायचं कापड), रेझिन पसरवणारी जाळी, स्पायरल नळी, बॅगिंग फिल्म आणि चिकटपट्टी लागते. स्टोक-ऑन-ट्रेंटच्या ईझी कंपोझिट्ससारख्या दुकानात हे एका जागी मिळतं. फिल्म हिशेबापेक्षा जास्त घ्या. रेझिन सोडण्याआधी पंपाची नळी बंद करून गेजकडे बघत बसायचं. काटा हलला तर गळती शोधायची, उद्यावर ढकलायचं, पण रेझिन सोडायचं नाही. प्रीप्रेग (आधीच रेझिन भरलेलं कापड) आणि त्यासाठीचा फ्रीजर, ओव्हन हे सगळं नंतर कधीतरी.

इपॉक्सी रेझिन आणि त्याचा हार्डनर वजनानेच मोजा, अंदाजाने नाही. एकदम मोठं भांडं कालवलंत तर ते कळीच्या चुन्यासारखं आपोआप तापतं, धूरही येतो. थंडीतलं इंग्रजी गॅरेज रेझिनला मानवत नाही. २० अंशांच्या आसपास ऊब राहील अशी सोय करा. काळं पॅनल उन्हात भलतंच तापतं, म्हणून साच्यातून काढण्याआधी रेझिनवाल्याच्या तक्त्याप्रमाणे ऊब देऊन पक्कं करा. एक्झॉस्टजवळच्या पॅनलला हे चुकवून चालणार नाही.

नायट्रिलचे हातमोजे आणि बारीक धूळ अडवणारा पी३ मास्क आधी आणा, कापड नंतर. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की सुटत नाही. घासायचं ते ओलं घासा. कार्बनची धूळ वीजवाहक असते. अँगल ग्राइंडर, चार्जर, लॅपटॉप असलं काही त्या खोलीत उघडं ठेवू नका. वरचा यूव्ही क्लिअर कोट पेंटवाल्याकडूनच मारून घ्या, कारण टू-के (हार्डनर मिसळायच्या) लॅकरमधल्या आयसोसायनेट या घातक रसायनाला साधा मास्क पुरत नाही.

बसवताना ॲल्युमिनियमचे रिव्हेट थेट कार्बनमध्ये ठोकू नका. पावसाळी हवेत दोन्हींचा विद्युतसंबंध जुळतो आणि ॲल्युमिनियम पांढरं पडून खाल्लं जातं. जिथे दोन्ही टेकतात तिथे आत काचेच्या कापडाचा एक थर द्या आणि स्टेनलेसचे बोल्ट वापरा. मडगार्डांच्या आतल्या बाजूला गोटे उडतात, तिथे जाड फिल्म लावा. ट्रॅकरचा अँटेना कार्बनखाली लपवू नका, सिग्नल अडतो.

आयव्हीए तपासणी (गाडी रस्त्यावर आणण्याआधीची ब्रिटनमधली सरकारी तपासणी) बाकी असेल तर कडा बघा. हात पोहोचेल अशा बाहेरच्या कडांना किमान २.५ मिलिमीटरची गोलाई लागते, आणि मिलिमीटरभर जाडीच्या कार्बनला ती आपोआप येणं शक्यच नाही. रबरी एज ट्रिम आधीच आणून ठेवा आणि मडगार्ड कापताना तिची जाडी धरा. विमा कंपनीला नवी पॅनलं लेखी कळवा, पावत्या आणि वजनाच्या फोटोंसकट.